डाव्या खांद्यावरची पिशवी

(जुबैल, फेब्रुवारी १९९१, आखाती युद्धाचे दिवस. इस्पितळातली दुपार. फिटर इब्राहीम खाटेवर. त्याचे इंजिनियर शिरीष स्टुलावर, मांडीवर कंपनीचा फॉर्म.)

शिरीष : परत सांग. डॉक्टरांना नक्की काय सांगितलंस?

इब्राहीम : पेसमेकर दोन वर्षांपूर्वी बसवला, सुट्टीवर गेलो तेव्हा. कार्ड दाखवलं. त्याच्यावर एकोणनव्वद साल आहे.

शिरीष : आणि आता मला म्हणतोस ते खोटं आहे.

इब्राहीम : कार्ड खरं आहे ओ साहेब. तेव्हा नुसती डबी बदलली, बॅटरी संपली म्हणून. आतली वायर जुनीच ठेवतात, तिलाच नवी डबी जोडतात. वायर ब्याऐंशीची आहे. नऊ वर्षं झाली.

शिरीष : पाच वर्षं माझ्या हाताखाली आहेस. पाइपरॅकवर चढतोस, वेल्डिंगच्या शेजारी उभा राहतोस. मला एक शब्द सांगितला नाहीस?

इब्राहीम : सांगितला असता तर काय केलं असतंत? चहा पाजला असतात?

शिरीष : पण व्हिसाच्या मेडिकलला पास कसा झालास? एक्सरेत डबी स्वच्छ दिसते.

इब्राहीम : एक्सरे माझा नव्हताच. माझा पासपोर्ट घेऊन हाशम गेला, चुलतभाऊ माझा. दोघांचा तोंडवळा एक. छाती त्याची, नाव माझं. तेव्हा दोघं हसलो होतो. आता खाटेवर पडून आठवतं आणि थुंकावंसं वाटतं स्वतःवर.

शिरीष : इब्राहीम, जखमेत पू झालाय म्हणून उद्या सकाळी ते वायर काढणार आहेत. हातानं ओढून. दोन वर्षांची हळूहळू ओढली की निघेल, असा त्यांचा हिशोब आहे. नऊ वर्षांची शिरेला आणि हृदयाला आतून चिकटलेली असते. जोर लावला तर हृदय फाटेल.

इब्राहीम : माहीत आहे. म्हणून तर सांगितलं तुम्हाला. दोन दिवस तोंड उघडत नव्हतं.

शिरीष : अजून वेळ आहे.

इब्राहीम : राहू दिली आत तर? इंजेक्शनं चालूच आहेत. नायतर वरनं कापायची आणि टाके घालायचे.

शिरीष : मी विचारलं सकाळी. पू एकदा धरला की इंजेक्शनांनी वरवर दबतो, पुन्हा येतो. कापून ठेवली तरी आतला तुकडा तोच. मग रक्तात जातं. डबी, वायर, सगळंच काढावं लागतं.

इब्राहीम : आणि नऊ सांगितलं तर?

शिरीष : तर इथे हात लावणार नाहीत. रियाधला पाठवतील. तिथे वायरच्या आतून बारीक तार घालून ती टोकाला अडकवतात आणि वरून नळी सरकवत चिकटलेलं सोडवतात. नवी पद्धत आहे. छाती उघडायला सर्जन शेजारी तयार ठेवतात. तोवर हृदय चालू ठेवायला पायातून तात्पुरती वायर.

इब्राहीम : त्याच्यात मरत नाय कोण?

शिरीष : मरतात. कमी मरतात.

इब्राहीम : बरं झालं, गोड बोलला नाहीत. आणि तिथनं उठलो की कफील, व्हिसाचा मालक, पासपोर्टवर एक्झिट मारून घरी धाडणार. खलास. बायकोला, जोहराला मी काय सांगितलंय माहीत आहे? की इथल्या डॉक्टरांनी तपासून घेतलं मला, आता काय काळजी नाय. पाच वर्षं ती बाई त्या भरवशावर झोपते.

शिरीष : लिहू नऊ?

इब्राहीम : थांबा जरा. फॉर्मवर बाकी काय लिहिलंय?

शिरीष : तूच दिलंयस. 'जखमेचं कारण : टूल बॅगचा पट्टा घासून कातडी उघडली.'

इब्राहीम : बरोबर आहे ते.

शिरीष : डबी डावीकडे आहे. टूल बॅग तू उजव्या खांद्याला लावतोस.

इब्राहीम : राहू द्या ना साहेब.

शिरीष : माझ्या गॅस मास्कची पिशवी होती ती.

इब्राहीम : मी बोललोय काय तसं?

शिरीष : नाही बोललास. म्हणूनच सहन होत नाही. शिडी चढताना मध्ये येते म्हणून पहिल्या दिवशी तुझ्याकडे दिली. मग रोजच. मी गळ्यात नुसता चष्मा अडकवून फिरत होतो.

इब्राहीम : दुखायचं. उजवीकडे अवजारं, म्हणून डावीकडे तुमचा मास्क. शर्ट चिकटायला लागला तेव्हा आत रुमाल घालत होतो.

शिरीष : त्या दिवशी सायरन झाला तेव्हा तू धावत येऊन मास्क दिलास. मला वाटलं, तुझ्याकडे दुसरा असेल.

इब्राहीम : तसं वाटलं नाय तुम्हाला. फिटरना मास्क दिलेच नाहीत, ती लिस्ट तुमच्याच टेबलावरनं गेली. तुम्ही मास्क घातलात, काचेतनं माझ्याकडे बघितलंत. मी तोंडाला बांधायला टॉवेल भिजवत होतो. मग तुम्ही तोंड फिरवलंत.

शिरीष : हो.

इब्राहीम : मी हाशमच्या छातीवर इथं आलो. तुम्ही माझ्या खांद्यावर लढाई काढलीत. बोलायचं कोणी कोणाला?

शिरीष : बोल तू. मला बोल.

इब्राहीम : लिहा नऊ.

शिरीष : लिहिलं. टूल बॅग खोडली. 'माझ्या मास्कची पिशवी, चार आठवडे, डावा खांदा.' खाली माझी सही.

इब्राहीम : साइट मॅनेजर वाचणार ते.

शिरीष : वाचू दे. आधी डॉक्टरांकडे जातो, राउंड संपायच्या आत.

इब्राहीम : साहेब.

शिरीष : काय?

इब्राहीम : आज मास्क दिसत नाय तुमच्याकडे.

शिरीष : बाहेर आहे, तुझ्या जागी आलेल्या फिटरकडे. शारीक उभा आहे गाडीपाशी.

इब्राहीम : कोणत्या खांद्याला घेतलाय त्यानं?

शिरीष : बघितलं नाही मी.