फळ क्रमांक सतराबाबत

परीक्षकबाई म्हणून परिचित, वय ६८ वर्षे, धंदा: सेवानिवृत्त (अन्न तपासणी प्रयोगशाळेत बत्तीस वर्षे नोकरी), राहणार प्रयोगशाळेमागील गल्ली, तळमजला. समक्ष हजर राहून सांगते की,

आमच्या अंगणात माझ्या मयत बहिणीने लावलेले नासपतीचे झाड होते. ती गेल्यावर महिन्याभरात तिच्या मुलाने गाडी उभी करण्यासाठी ते तोडले. मी बाजारात होते. त्याविषयी मला काही सांगायचे नाही.

झाडाची शेवटची चाळीस फळे त्याआधीच मी प्रयोगशाळेला चाचणीसाठी दिली होती. तेथे ती नव्या पिशव्यांत घालून शीतखोलीत ठेवली. या पिशव्यांच्या प्लास्टिकात चांदीचे कण असतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर मावावेत. ते बुरशी धरू देत नाहीत.

अकरा महिने मी दर सोमवारी काचेतून बघत असे. आत धुके असे व फळे झोपल्यासारखी दिसत. एकही सुरकुती नाही. बाहेर कॅलेंडरे बदलली, आत मात्र फळे उतरवली तीच दुपार होती. ताई शिडीवर होती आणि मी खाली टोपली धरून होते.

दिनांक ९ रोजी सकाळी साडेदहाला कळले की चाचणी संपली, उरलेली फळे जाळणार. प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांना मी भेटले. ते नोकरीला लागले तेव्हा नमुने कापायला सुरी कशी धरायची ते मीच शिकवले.

"एक फळ द्या. बिया हव्यात," मी म्हणाले.

"बाई, नियमात बसत नाही. कण फळात किती उतरतात ते अजून ठरलेलं नाही. खाऊन काही झालं तर?"

"खायचं कुणी म्हटलं? कानात बोळे घातलेत का?"

"आणि बीपासून तेच झाड येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"पोरंही आईवर जातातच असं नाही. तरी वाढवतोच ना आपण?"

त्यांचा फोन वाजला. मी टेबलावरच्या पेटीतून फळ क्रमांक सतरा पिशवी व क्रमांकाच्या चिठ्ठीसकट उचलून पर्समध्ये ठेवले. दारावर शिपायाने नमस्कार केला, मीही केला. मी नन्सच्या शाळेत शिकले आहे, खोटे बोलायची सवय नाही. चोरी हा शब्द हवालदारांचा आहे.

घरी बारा वाजता फळ कापले. गर पांढरा, घट्ट. वास त्या दुपारचा होता. वास जबाबात येत नाही असे हवालदार म्हणतात. फळाला गेलेले दिवस कळलेच नव्हते. बियांना कळले होते. सातपैकी तिघींना कोंब फुटले होते. थंडी मोजून हिवाळा संपला असे त्यांनी आपले आपण ठरवले असावे. मी खुर्चीवर बसले. किती वेळ, ते सांगता येत नाही.

मुद्देमाल हजर करण्यास सांगितले आहे. पिशवी, चिठ्ठी व गर डब्यात बंद करून आणला आहे. बिया कुंडीत आहेत. त्या मी उपटून आणणार नाही. पंचनाम्यासाठी कुंडीपाशी यावे, सकाळी यावे, तेव्हा खिडकीत ऊन असते.

जबाब मला वाचून दाखवला. हवालदारांनी दोन ठिकाणी 'मयत बहीण' लिहिले होते. एक राहू दिले, दुसरीकडे 'ताई' करून घेतले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.