मिठागरात अडकलेला डॉल्फिन

तुम्ही मला धीराची समजता ना? मग पेणचं ऐका. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती आणि मी रोह्याला खोली घेऊन डॉल्फिनवर संशोधन करत होते. एका सकाळी निरोप आला, पेणजवळच्या मिठागराच्या तळ्यात डॉल्फिन अडकलाय. एसटीने धावले.

गढूळ पाण्यात लांबवर काळी पाठ वर यायची, फुस्स करायची आणि बुडायची. भरती आली की खाडीकडचं दार उघडून त्याला सोडता येणार होतं, पण तोवर तो जगायला हवा. मी घड्याळ लावून श्वास मोजले. नेहमीच्या दुप्पट!

"हा मरतोय," मी तिथे काम करणाऱ्या मंजुळाबाईंना म्हटलं. "माणसं बोलवा. जाळं टाकून आत्ताच काढू."

जाळ्यात तो गुदमरू शकतो हे मला ठाऊक होतं, पण दुसरं काही सुचेना. चौघं जण जाळं घेऊन आलेही.

मंजुळाबाई पाण्याकडेच बघत होत्या. "थांबा रं," त्या ओरडल्या. मग मला म्हणाल्या, "बाय, तिच्या अंगाला लागून काय हाय, बघ."

मोठ्या पाठीमागून एक इवलीशी पाठ वर आली आणि फुस्स करून बुडाली.

मी आई आणि पिल्लाचे श्वास एकत्र मोजत होते.

दुपारी भरती भरली, दार उघडलं, दोघं खाडीत गेली. मी बांधावर बसले. मंजुळाबाई शेजारी टेकल्या.

"लय शिकलीस ना गो तू?"

"हो."

"आन् दोन मोजता येत नाय?"