पाचव्या महिन्याची चिठ्ठी

‘तोंड एवढं साफ दिसलं, मंग पाठ काहून नाही दिसली जी म्याडम?’ गेल्या महिन्यात आपल्या काउंटरवर एका बाईनं मला हे विचारलं. तोच प्रश्न घेऊन मी आज इथं उभी आहे.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय टिकारामजी, आपल्या सोनोग्राफी सेंटरचे संचालक डॉक्टर संजीव सर, व्यासपीठावरील पाहुणे, माझे सहकारी आणि पहिल्या रांगेत अवघडून बसलेले माझे आईबाबा, सर्वांना मोनिकाचा नमस्कार.

पत्रिकेत छापलंय की मी पुढील शिक्षणासाठी नोकरी सोडते आहे. हे मलाही पत्रिका वाचूनच कळलं. छपाई मात्र छान आहे.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा आंधळगावला हातमागावर बसतात. ‘आमची पोरगी पोटातल्या लेकराचे फोटो काढते,’ असं ते गल्लीभर सांगत. बाबा, मी फोटो काढत नव्हते. मी काउंटरवर बसून फोटोचं पॅकेज लोकांच्या गळी उतरवत होते. पोटातल्या बाळाचा चेहरा, मोबाइलवर हलतं चित्र आणि ओटीभरणाच्या दिवशी पाटाशेजारी मांडायला मोठी फ्रेम.

मशीनशी माझं भांडण नाही. बाळाचा ओठ दुभंगलेला असेल तर तेच चित्र डॉक्टरांच्या फार कामी येतं. भांडण आहे ते सरांनी पहिल्याच दिवशी मला शिकवलेल्या वाक्याशी. ‘पाचव्या महिन्यात चेहरा भरलेला नसतो. पेशंटला सातव्यात बोलाव, एकाच फेरीत सगळं होऊन जातं म्हणून सांग.’ पाचव्या महिन्यात बाळाचा एकेक अवयव तपासायचा असतो. मणका, हृदय, मूत्रपिंड. त्याला पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात चार चेहरे निघतात. हिशोब कळायला पदवी लागत नाही, पण मला पदवी असूनही कळला नाही. की कळूनही मी गप्प बसले?

दिघोरीची गुड्डीताई पाचव्या महिन्यात आली होती. तिचं नाव मी तिला विचारूनच घेते आहे. हातात आरोग्य केंद्राची चिठ्ठी होती, ‘अवयव तपासणीसाठी’. मी ती वाचली आणि शिकवलेलं वाक्य म्हटलं. सोबत तिची सासू आनंदाबाई होती. ‘सातव्यात सारंच दिसते ना, बाई?’ तिनं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. काउंटरच्या वहीत लिहिलं, ‘सातव्यात बोलावले.’ अक्षर माझंच आहे.

सातव्यात दहा मिनिटांत चेहरा निघाला. बाळानं जांभई दिली. आनंदाबाई पडद्याकडे बघून ओरडली, ‘अगा माय, नाक त पुरं आमच्या बुढ्यावर गेलं! आता हे लेकरू बी बसल्या जागी डुलक्या घेईन!’ आम्ही सगळे हसलो. त्या हसण्यात पाठीकडे कोणी पाहिलं नाही.

मुलगी झाली. पाठीवर मणक्याजवळ उघडी गाठ होती. नागपूरला ऑपरेशन झालं. तिचे पाय हलत नाहीत. आधी कळलं असतं तर पाय वाचले असते का, हे मी सांगू शकत नाही. पण आईबापाला पाचव्या महिन्यात कळायला हवं होतं. काय करायचं ते त्यांनी ठरवलं असतं, बाळंतपण मोठ्या दवाखान्यात झालं असतं. तो वेळ आम्ही एका फ्रेमसाठी खाल्ला.

ताराचंदभाऊ, माइक बंद करू नका, वायरजवळून जरा बाजूला व्हा. दोनच मिनिटं.

गेल्या महिन्यात गुड्डीताई काउंटरवर पाठीचं विचारून गेली त्याच संध्याकाळी सरांनी वही माझ्यापुढे ठेवली. ‘इथं खाली लिही, पेशंटने तपासणीस नकार दिला. तारीख तीच टाक.’ मी म्हटलं, नकार तिनं दिला नव्हता, मी तिला परत पाठवलं होतं. सर म्हणाले, ‘अगं, तू आमच्या घरची मुलगी.’ मी पेन खाली ठेवलं. चार दिवसांत हा निरोप समारंभ ठरला. सर, घरच्या मुलीची पाठवणी इतक्या घाईनं का करतात?

शाल आणि श्रीफळाबद्दल आभार. ती टेबलावरच राहू द्या. मला काम शिकवणाऱ्या सिस्टरांची मी मनापासून ऋणी आहे. अध्यक्ष महोदय, तुमचा वेळ घेतला, थोरामोठ्यांपुढे आवाज चढला, त्याबद्दल लहान समजून क्षमा करा.

वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडून परवा सकाळी मी जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात लेखी निवेदन दिलं आहे. पहिल्या परिच्छेदात माझी चूक आहे, दुसऱ्यात सरांचं नाव. पोच घेतली, आणि शिक्का मारलेली एक प्रत काल दिघोरीला जाऊन गुड्डीताईच्या हातात देऊन आले.