डॉक्टर पद्मावती आणि माझ्या अंगातले पहारेकरी

सन्माननीय अध्यक्ष उत्तमराव, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, आज ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण इथे हैदराबादेत, नारायणगुड्यात जमलो त्या डॉक्टर पद्मावती, आणि समोर बसलेल्या माय-बहिणींनो, भावांनो,

मला भाषणाची सवय नाही. पण डॉक्टरांना निरोप द्यायचा आणि मी निशिगंधाने गप्प बसायचं, हे शोभेल का?

लग्नानंतर तीनदा मला दिवस राहिले आणि तीनदा गर्भ गेला. माझ्या सासूबाई, तारामतीबाई, इथेच पुढे बसल्यात, हळहळून म्हणायच्या, "हिचं अंगच पोर ठरू देत नाही." मलाही तेच पटलं होतं. आपलंच अंग वैरी झालं, तर माणसानं जायचं कुठे?

डॉक्टर मूळच्या तेलुगू; मराठी आम्हा पेशंटांकडूनच शिकलेल्या. माझं ऐकून म्हणाल्या, "आधा बच्चा बाप का. म्हणजे अंगाला तो परकाच ना? परक्याला हाकलणारे पहारेकरी रक्तात असतात. पण गर्भाशयात तेच नरमतात. काही तर बाळाला रक्त पोचावं म्हणून वाट रुंद करायला मदत करतात. वैरी कायकू बोलतीस?"

मग तपासण्या झाल्या, काही आठवड्यांनी पुन्हा झाल्या. माझ्या रक्तातल्या एका दोषानं वारेत, म्हणजे प्लासेंटात, गुठळ्या होत होत्या; बाळाचं पोषण तिथे अडत होतं. त्यावर उपाय होता. गोळी, आणि रोज पोटावर एक इंजेक्शन.

पुन्हा दिवस राहिले. माझे यजमान प्रशांत यांनी सुई हातात घेतली आणि घामाघूम झाले. सासूबाई उठल्या. "दे इकडं. गावाकडं म्हशींना टोचलंय मी, सुनेचं काय घेऊन बसलास?" तेव्हापासून रोज त्यांनीच टोचलं, आणि रोज वर हळूच फुंकर घातली.

ऋचा झाली. डॉक्टरांनी सासूबाईंना आत बोलावून वार दाखवली. "अम्मा, नातीला नंतर बघा, पहिले हिला बघा. अर्धी तुमच्या घरची, पण सुनेच्या अंगानं सांभाळली." सासूबाईंनी हात जोडले. मग मला जवळ घेतलं.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, बाळाच्या काही पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं राहू शकतात. मी विचारलं, "आधीच्या तिघांच्याही?"

त्या म्हणाल्या, "राहिल्या असतील."

त्या दिवशी मलकपेठेला घरी जाताना मी एकटी आहे असं मला वाटलं नाही.

डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू? आमच्या घरी जेवायला या, तेवढंच म्हणते. बोलण्यात हैदराबादी मिसळली असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर आपलीच लेक समजून सांभाळून घ्या. नमस्कार.