दुधाचा नेम

“हळू धर गं शकुन, मनगट आहे ते, बादलीची कडी नव्हे!”

कोलकात्यात सियालदह स्टेशनजवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे एवढ्या बंगाली गलबल्यात मराठी कानावर पडलं, तशी मंदाकिनीबाई स्वतःचा दुखरा गुडघा विसरल्या. शेजारच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या.

“वर्षात दुसऱ्यांदा मोडलंय ते, आई. दूध सोडलंय म्हणून आज डॉक्टरांना सरळ सांगा.”

“त्यांना काय, मागच्या वेळी माशाचं कालवण खा म्हणाले!”

“मासे नाहीत, अंडी नाहीत, आता दूध, दही, ताकसुद्धा नाही. हाडांनी खावं तरी काय?”

“तीळ खाते की रोज.”

“चिमूटभर! तेही चटणीतले!”

“नेम आहे माझा. मुकुंद जहाजावरून घरी आला, की त्याच्याच हातून पेलाभर दूध घेईन.”

“तीन वर्षं झाली, आई. खिदिरपूरच्या जहाज कंपनीच्या कचेरीतून आलेलं पत्रसुद्धा तुम्ही फोडू देत नाही.”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“इथं कुणाला कळतंय मराठी?”

मंदाकिनीबाईंनी चेहरा जमेल तितका बंगाली केला.

“उद्या खुब्याचं हाड मोडलं, तर मी एकटी कशी उचलू तुम्हाला? सांगा ना!”

म्हातारीने गळ्यातल्या झोळीतला हात सावरला.

“मुकुंद गेला, शकुन. मला ठाऊक आहे. पण मी दूध प्यायले, की त्याच दिवशी चार बायका तुझं कुंकू पुसायला येतील.”