नाई राह्यलं ते लेकरू

माझं माहेर पुलगावजवळचं, ताई, रेल्वेच्या रुळाले लागून आमचं वावर, बाप वावरातून आला का माय त्याच्या हातावर पानी टाके आन आम्ही बहिनी मागं उभ्या राहो, असं घर. शिवन मी माहेरीच शिकली, आर्वीजवळच्या रोहना गावाले लग्न होऊन आली तवा मशीन संगच आनली, आजवर गावातल्या बायायचे ब्लाऊज शिवून राह्यली. आमचे हे आर्वीले कापडाच्या दुकानात कामाले, सकाळच्या एस्टीनं जात, संध्याकाळी येत. पहिली लेक झाली, सुषमा. सासूनं गावभर साखर वाटली, खोटं काऊन सांगू, पोट्टी झाली म्हनून तिनं तोंड वाकडं नाई केलं.

सुषमा शाळेत जाऊ लागली तवा मले पुन्हा दिवस गेले. काय सांगू तुम्हाले, लय वाट पाह्यलेलं लेकरू ते. पाचवा लागला, पोटात फडफड कळे, आत्याबाईनं, सासूले मी आत्याबाई म्हनो, तिनं मले मशीनीवर बसू देनंच बंद केलं. आर्वीले तवा सोनोग्राफी नवीनच आलती, डॉक्टरनं कराले लावली. तो पोटावर यंत्र फिरवून राह्यला, फिरवून राह्यला. म्या म्हटलं, काय झालं साहेब, तर म्हने, यजमान आले का संग?

मंग वर्ध्याले मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीनबाईनं माहा हात धरला, म्हने, बाई, लेकराच्या डोक्याची कवटी बनलीच नाई, जलमलं तरी जगनार नाई. ह्यांनी इचारलं, ऑपरेशन नाई होत का, मुंबईले नेलं तर? डॉक्टरीनबाई म्हने, कुठंई नेलं तरी नाई, तुमचा काई दोष नाई, कोनाच्याई घरी होऊ शकते. ठेवाचं का खाली कराचं ते तुम्ही ठरवा, पर कायद्यानं आता थोडेच दिवस हायेत.

घरी आत्याबाई म्हने, देवानं देल्लं ते देवच नेईन, आपुन काऊन हात लावाचा? हे भिताडाकडं तोंड करून बसले. आन पोटात ते हालून राह्यलं. म्या म्हटलं, आत्याबाई, अजून चार महिने हे असंच हालनार, बाया ओटी भराले येनार, आन मले मालूम राहीन. माह्यानं नाई होत. बुढी उठली, पिशवीत लुगडं भरलं, म्हने, चाल, मी येतो संग.

मले वाटलं होतं गुंगी देतीन, झोपीन, उठीन तवा झालं असन. पाचव्या महिन्यात तसं नाई होत, ताई. खालून बारीक नळी घातली, तिच्यातून पिवळं औषध सोडलं, नळी मांडीले चिपकवली आन म्हने, आता कळा येईपर्यंत पडून राहा. दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या, सलाईनमधी आखीन सुई टाकली. कळा तशाच असतात वो, निरा तशाच, जशा सुषमाच्या येळेस आल्या. आंगाले का मालूम लेकरू जगनारं हाये का नाई. बाजूच्या खोलीत कोनाचं तरी लेकरू रडून राह्यलं होतं, आन माह्यं आलं ते मुकंच आलं. मंग पिशवी साफ कराले आत नेलं, तवा कुठं गुंगी देल्ली.

सिस्टरनं आधी इचारलं होतं, पाहता का? मले धीर नाई झाला. आत्याबाईनं पाह्यलं. तिनंच आपल्या लुगड्याचं धडपं फाडून त्यात गुंडाळलं. मी शुद्धीवर आली तवा एवढंच म्हने, हात तुह्यासारखे होते, लांब बोटाचे. पोरगी होती.

घरी आल्यावर मले दूध आलं. दूध! ब्लाऊज ओला होये. आत्याबाई माह्या छातीले फडकं कसून बांधे, आन बांधता बांधता रडे.

गावात तवा तेच चाले, कोनं सोनोग्राफी केली, कोनं मुलगी पाडली. पहिली पोट्टी, मंग सोनोग्राफी, मंग पोट रिकामं, लोकायले दुसरं काय वाटनार? म्या म्हटलं, सांगतो सगळ्यायले खरं काय ते. आत्याबाईनं माह्या तोंडावर हात ठेवला. म्हने, पाया पडतो तुह्या, खोट असलेलं लेकरू निपजलं असं सांगू नको, उद्या सुषमाले कोन सून करीन? बोलू दे लोकायले. मी गप राह्यली. बाया माह्याच मशीनीपाशी बसून दुसऱ्या कोनाचं नाव घेऊन मले बोलत, मी त्यायचं माप घेत राहो.

वर्स गेली. सुषमा सातवीत असन, शाळेतून आली आन दप्तर न काढता उभी राह्यली. म्हने, आई, ती पोरगी होती म्हनून मारली का तू? आत्याबाई चुलीपासून उठली, मोतीबिंदूनं दिसे नाई तिले बराबर, भिताड धरत धरत आली, पोरीले जवळ घेतलं, म्हने, मले इचार, बाई, म्या पाह्यलं ते लेकरू, म्या गुंडाळलं. सारं सांगितलं तिले. मंग ओसरीवर ब्लाऊज न्याले आलेल्या बाया होत्या, त्यायच्यासमोर गेली आन पुन्हा सारं सांगितलं, मोठ्यानं. एक जनी म्हने, माय वो, आन एवढी वर्स गप काऊन राह्यली ही? आत्याबाई म्हने, म्याच बसवलं तिले गप, मले बोला काय बोलाचं ते. बायायनं आपापले ब्लाऊज घेतले आन गेल्या.

आत्याबाई आता नाई. सुषमाले पाहाले पाहुने आलते, म्या चाय देल्ल्याबरोबर त्या लेकराचं सारं सांगून टाकलं, ते म्हने, त्याचं काय एवढं. नांदते आता सुखानं. पुढच्या लेकराची हिंमत आम्ही नाई केली. हे तर अजूनई त्या गेलेल्या लेकराचं नाव काढत नाईत, नुसते उठून अंगनात जातात. असो. तुमच्या लेकीबाळी सुखी राहोत, ताई. ज्या बाईच्या पदरात लेकरू राह्यलं तिचं राहो, आन जिच्या नाई राह्यलं, तिले कोनी काऊन म्हनून इचारू नये.