न खुळखुळणारं अंडं

नाही हो साहेब, तिकडे कसला गॅस, तिकडे व्याकरणं आहेत — बाराशे व्याकरणं, आजवर त्यांच्यातून कसलाच वास आलेला नाही. ते टिकटिक करणारं यंत्र जरा बाजूला ठेवा आणि बसा. बूट पुसलेत ना? एप्रिल उजाडला तरी या विनिपेगचा चिखल काही सरत नाही. हां, तर वास आला — आला, मी कुठं नाही म्हणतेय — सडक्या अंड्यासारखा, आणि गॅसला मुद्दाम तसाच वास लावतात म्हणे, लोकांना कळावं म्हणून. पण गटार नसेल कशावरून? प्राध्यापक ट्रिम्बलचे मोजे नसतील कशावरून? तुम्ही काही बोलत पण नाही, हसत पण नाही. गॅस कंपनीत हसायला बंदी आहे का?

मी कोण? यावदोखा दुत्चाक, या स्लाव्ह विभागाची, म्हणजे आमच्या पूर्व युरोपातल्या भाषांच्या पुस्तकांची ग्रंथपाल, गेली बावीस वर्षं. काय लिहिताय? 'गळतीची शक्यता'? अहो, शक्यता नका लिहू! तुमचा तो एक शब्द पडला की सोमवारी या खोलीला कुलूप, आणि माझी अकरा हजार पुस्तकं गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मग ट्रिम्बल इथं आपले कॉम्प्युटर मांडायला मोकळा. टपूनच बसलाय मेला. आणि ही पुस्तकं म्हणजे काय वाटलं तुम्हाला? आमची म्हातारी माणसं गावाकडून निघाली ना, तेव्हा दुसरा कोट मागे ठेवला, पण पुस्तक घेतलं. आता ती मरतात, पोरांना वाचता येत नाही, पोरं खोकी आणून दाराशी ठेवतात — 'बाई, फेकवत नाही हो.' मी एकेक पुसून लावलंय. ती शेडमध्ये गेली तर मला नाही बघवणार, साहेब. खरंच नाही बघवणार.

काय बघताय कपाटाकडे? ते प्रदर्शन आहे. ईस्टरची रंगवलेली अंडी, आमच्याकडची, काही चर्चमधल्या बायकांनी दिलेली, काही माझी. एक्केचाळीस. काय? पाटीवर बेचाळीस लिहिलंय? … छापणाऱ्याची चूक. कशाला मोजत बसताय तुम्ही? गॅस मोजा की!

बरं. बेचाळीस होती. आता असं आहे — आमच्याकडे अंडं कच्चंच रंगवतात. उकडायचं नाही, भोक पाडून रिकामं करायचं नाही. आई म्हणायची, आतला जीव काढला तर आशीर्वाद कुठं बसणार? ती तेक्ल्या, चर्चच्या स्वयंपाकघरातली, ती फुंकून रिकामी करते आणि वर मलाच शहाणपण शिकवते. मी म्हटलं, तेक्ल्या, तुझी ती नुसती टरफलं, माझी अंडी! नीट हवेशीर ठेवलं तर कच्चं अंडं वर्षानुवर्षं आतल्या आत सुकतं, गोळी होते, हलवलं की खुळखुळ वाजतं. वाजतं त्याची भीती नाही. जे गप्प असतं ना, ते कधी फुटेल सांगता येत नाही. आणि मी अक्कलशून्य बाई — काच बंद, वर दिवा, खाली हीटर. गुरुवारी सकाळी एक फुटलं, फट्ट! मी रुमालाने पुसलं, रुमाल तळघरातल्या भट्टीत टाकला, खिडकी उघडली. दहा वाजता कुलगुरूंच्या बाईसाहेब प्रदर्शन बघायला आल्या, नाक वर केलं आणि ओरडल्या, 'गॅस!' झालं. सगळी इमारत रिकामी, चारशे पोरं चिखलात. मी? मी सगळ्यांत पुढं पळाले, संशय नको म्हणून.

तेव्हाच का नाही सांगितलं? ती पाटी वाचा दारावरची. 'आत खाद्यपदार्थ आणू नयेत.' माझ्याच अक्षरात. चौऱ्याहत्तर साली मी या ट्रिम्बलला कॉलर धरून बाहेर काढलं, सहा महिने आत येऊ दिलं नाही. कशासाठी? एका उकडलेल्या अंड्यासाठी! आता त्याला कुठल्या तोंडाने सांगू, की बाबा, मी बेचाळीस आणली होती, आणि तीही कच्ची? तो ग्रंथालय समितीत उभा राहून नाचेल हो.

आणि खरं सांगू का — अंड्यावर मी कधी वाकडं बोलायलाच नको होतं. अंड्यानेच तर मला इथं बसवलंय. म्हणजे, मी पंचवीसची होते, इथंच फरशा पुसायचे. पुसता पुसता चुकीच्या जागची पुस्तकं जागेवर लावायचे, हात शिवशिवायचे ना! तेव्हाच्या थोरल्या ग्रंथपाल साहेबांनी पाहिलं, म्हणाले, शिकलेली दिसतेस, प्रमाणपत्र आहे का? म्हटलं, आहे. होतंच! लढाईनंतर जर्मनीत निर्वासितांच्या छावणीत होतो ना, तिथं सगळेच करायचे — गरम उकडलेलं अंडं सोलायचं, खऱ्या शिक्क्यावरून फिरवायचं, शाई अंड्यावर येते, मग ते आपल्या कागदावर फिरवायचं. छान गोल शिक्का. मग पुरावा मीठ लावून खाऊन टाकायचा. फक्त हाताशी शिक्का होता तो छावणीच्या बटाट्याच्या कोठाराचा. अजून आहे तो कागद कचेरीत. 'बटाटे, विभाग तीन' असं स्वच्छ लिहिलंय त्यावर. पण कचेरीत आमची लिपी कुणालाच वाचता येत नाही. नंतर खरं शिकले हो मी! आठ वर्षं संध्याकाळचे वर्ग केले, पहिली आले! … हे मी का सांगितलं तुम्हाला? तुम्ही गॅसचं विचारायला आला होतात. तुम्ही तर काहीच विचारलं नाहीत.

नका, हात नका लावू. ते आईचं आहे. निघताना तिने माझ्या खिशात घातलं, छावणी, बोट, आगगाडी, सगळीकडे माझ्याबरोबर आलं. ऐका — खुळखुळ. बत्तीस वर्षं झाली. याच्याकडून काही त्रास नाही, साहेब. इथं आता मला भीती वाटतेय ती फक्त तुमची. मघापासून तुम्हीच गप्प आहात.

पेन का काढलंत? खोडलंत? 'गळती' खोडलंत! काय लिहिलंत? दाखवा. 'मेलेला … उंदीर'? माझ्या खोलीत उंदीर? अहो, बावीस वर्षांत एक उंदीर फिरकला नाही इथं, ट्रिम्बलसुद्धा विचारून येतो! हा अपमान — बरं. बरं, लिहा उंदीर. मोठा लिहा. आणि 'काढला' असंही लिहा. सही करा. देव तुमचं भलं करो, आता माझ्याकडून एक अंडं घेऊन — का? काय झालं? चेहरा असा लाल का झालाय? पाणी देऊ? अहो, असं गालात हवा भरून काय —

शू! साहेब! केवढ्यांदा हसताय! पोरं वाचतायत ना! ती दुसरी पाटी वाचा, 'शांतता राखा'. तीही माझ्याच अक्षरात आहे. चला, उठा, ते यंत्र उचला आणि बाहेर जाऊन हसा!